विधात्याचा खेळ

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१ वे अधिवेशन मुंबईस भरले होते. २०२८ साली लॉस एंजेलिस येथे व्हावयाच्या सामन्यांत आणखी पाच खेळांची भर घालावी असा ठराव त्या अधिवेशनात १६ तारखेस मंजूर झाला. त्या पाचांत क्रिकेटचे नाव असल्यामुळे आपल्याकडील वृत्तपत्रांस दुसऱ्या नावाकडे पाहण्यास फारशी उसंत मिळाली नाही, हे स्वाभाविकच होते. परंतु त्याच यादीत लाक्रॉस असेही एक नाव होते. लांब दांड्याच्या टोकास जाळी विणलेली असते. त्या जाळीत चेंडू झेलावयाचा, तो तसाच पेलीत धावावयाचे, आणि प्रतिपक्षाच्या गोलात तो फेकावयाचा, असा हा खेळ. आपल्या मैदानांवर तो सहसा दृष्टीस पडत नाही. तथापि ज्या लोकांनी तो जगास दिला, त्यांस तो ऑलिंपिकमध्ये स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या निशाणाखाली खेळता येईल किंवा कसे, असा एक प्रश्न मुंबईच्या त्या ठरावातून उभा राहिला. त्या प्रश्नामागे पावणेचारशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो आपणही समजून घ्यावा असा आहे.

खेळामुळे समाजाची उन्नती होते, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की, त्यात विचार करण्याजोगे काही आहे असे आपणांस वाटेनासे होते. शाळांच्या बक्षीस-समारंभांत ते उच्चारले जाते, व्यायामशाळांच्या अहवालांत ते छापले जाते, आणि सरकारी योजनांच्या प्रस्तावनेत तर ते हटकून असते. त्यामागील गृहीत असे की, खेळ हे साधन आणि उन्नती हे साध्य. पुढारलेल्यांनी ते साधन मागासलेल्यांच्या हाती द्यावे, म्हणजे आरोग्य, शिस्त आणि एकोपा ही फळे यथाकाल लागतात. लाक्रॉसचा इतिहास या गृहीताची मोठी कसोटी पाहतो. कारण येथे ज्यांस मागासलेले ठरविले गेले, खेळ त्यांचाच होता. आणि ज्यांनी तो त्यांस शिकविण्याचा आव आणला, त्यांनी तो त्यांच्यापासूनच उचलला होता.

उत्तर अमेरिकेत ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिणेस, हल्लीच्या न्यूयॉर्क राज्यात, मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा व सेनेका ही पाच राष्ट्रे गोरे लोक तेथे जाऊन वसण्यापूर्वीच एका संघात बांधली गेली होती. १७२२ च्या सुमारास टस्करोरा हे सहावे राष्ट्र त्यांस येऊन मिळाले. फ्रेंचांच्या लेखी हे लोक इरोक्वाय. ते स्वतःस होदेनोशोनी, म्हणजे लांबघराचे लोक, असे म्हणवितात. एका लांबलचक घरात, एका छपराखाली, अनेक कुटुंबे आपापल्या चुलींभोवती राहत. सारा संघ म्हणजे असेच एक घर आहे. त्याच्या पूर्वेच्या दाराशी मोहॉक, पश्चिमेच्या दाराशी सेनेका, आणि मधल्या अग्नीपाशी ओनोंडागा, अशी त्यांची कल्पना. कुळ आईकडून चालते. सरदार नेमण्याचा आणि प्रसंगी त्यास पदावरून उतरविण्याचा अधिकार कुलमातांकडे असतो. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर यांतील पुष्कळ लोक हल्लीच्या कॅनडात ग्रँड नदीच्या काठी जाऊन राहिले, आणि मोहॉकांची कानावाके ही वस्ती तर माँट्रियल शहराच्या शेजारी त्यापूर्वीपासूनच होती. अशा रीतीने दोन आधुनिक राज्यांची सीमा या एका घराच्या मधून गेली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

या खेळाच्या जुन्या लेखी वर्णनांपैकी एक झां द ब्रेबफ या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १६३६ साली लिहून ठेवलेले आहे. तो ज्या ह्यूरॉन लोकांत राहत होता ते होदेनोशोनींचे शेजारी, आणि त्यांची भाषाही त्याच कुळातील. ब्रेबफ लिहितो की, गावात कोणी आजारी पडला की वैदू त्यास पाहून सांगे, याच्या प्रकृतीसाठी क्रॉस खेळला पाहिजे. कधी खुद्द रोग्यासच स्वप्न पडे की, साऱ्या मुलखाने आपल्यासाठी हा खेळ खेळला तरच आपण वाचू. मग रोग्याची योग्यता कितीही सामान्य असो, गावोगावचे लोक मोकळ्या मैदानात जमत, आणि बीव्हरच्या कातड्याची वस्त्रे व शिंपल्यांच्या माळा पणास लावून खेळत. पाद्र्यास हा सर्व प्रकार भ्रामक वाटला, आणि त्याच्या दृष्टीने तसे वाटणे क्रमप्राप्तच होते. परंतु त्याच्या निषेधातूनही एक गोष्ट स्पष्टपणे दिसून येते. एका माणसाच्या दुखण्यासाठी सारा गाव आपले काम बाजूस सारून मैदानात उतरतो, आणि तसे उतरण्याचा हुकूम राजाचा नसून त्या दुखणाइताचा असतो! समाज म्हणजे काय याची याहून साधी व्याख्या सापडणे कठीण.

होदेनोशोनींच्या श्रद्धेप्रमाणे हा खेळ पृथ्वी निर्माण होण्यापूर्वी आकाशलोकात खेळला जात होता. विधात्याने तो आपल्या करमणुकीसाठी माणसांस दिला, म्हणून तो विधात्याचा खेळ. आणि त्याने रोग हटतो, मन शांत होते, म्हणून तोच औषधाचा खेळही. असा खेळ आजही होतो. त्यात हिकरीच्या लाकडाची काठी आणि हरणाच्या कातड्याचा चेंडू असतो. किती गोल व्हावयाचे ते आधी ठरते. म्हातारे व पोरे एकाच मैदानात धावतात. आणि जिंकले कोण याची वास्तपुस्त कोणी करीत नाही. मुलगा जन्मास आला की त्यास एक लहानशी काठी देण्याचा, आणि मनुष्य मेला की त्याची काठी त्याच्याबरोबर ठेवण्याचा प्रघात आहे. कारण परलोकी पोहोचताच त्यास खेळावयाचे असते.

चतुष्पाद प्राणी आणि पक्षी यांच्यामधील एका सामन्याची कथाही त्यांच्यात सांगतात. उंदीर आणि खार ही दोघे अस्वलाच्या पक्षाकडे आली, तेव्हा एवढीशी जनावरे काय खेळणार म्हणून त्यांस हसून परतविण्यात आले. ती गरुडाकडे गेली. पक्ष्यांनी ढोलाच्या कातड्याचा तुकडा कापून उंदरास पंख केले, तो वटवाघूळ झाला. खारीच्या अंगाची कातडी ताणून तिला उडती खार केले. आणि शेवटचा गोल वटवाघळाने केला. ज्यास कोणी घेत नव्हते त्यानेच डाव जिंकून दिला. पुढे या लोकांच्या स्वतःच्या बाबतीत जे घडले ते पाहता ही कथा एखाद्या भविष्यासारखी वाटू लागते.

हा खेळ केवळ सात्त्विक होता, असा मात्र वाचकांनी समज करून घेऊ नये. त्यात हातपाय मोडत, पैजा लागत, आणि दोन गावांतील तंटे कधी कधी याच मैदानात मिटविले जात. १७६३ सालच्या जून महिन्यात मिशिलिमॅकिनॅक येथील इंग्रज किल्ल्याबाहेर ओजिब्वे व सॉक लोकांनी असाच सामना मांडला. चेंडू तटाच्या आत गेला असे निमित्त करून खेळाडू आत घुसले, बायकांनी पांघरुणाखाली लपविलेली शस्त्रे त्यांनी हाती घेतली, आणि किल्ला सर केला. खेळ, धर्म, राजकारण आणि युद्ध यांचे आपण केलेले चार कप्पे त्या लोकांस ठाऊक नव्हते, एवढाच याचा अर्थ.

हे कप्पे पाडण्याचे काम एकोणिसाव्या शतकात झाले. माँट्रियल येथील इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांनी कानावाकेच्या मोहॉकांचा खेळ पाहिला, तो त्यांस आवडला, आणि १८५६ साली त्यांनी माँट्रियल लाक्रॉस क्लब स्थापन केला. त्यांतील विल्यम जॉर्ज बीअर्स नावाचा एक दंतवैद्य मोठा उत्साही निघाला. प्रत्येक बाजूस बारा खेळाडू, कातड्याच्या चेंडूऐवजी रबरी चेंडू, मैदानाची ठरीव मर्यादा, पंच, असे नियम त्याने बांधले. १८६७ साली, कॅनडाचे संघराज्य अस्तित्वात आले त्याच वर्षी, या खेळाची राष्ट्रीय संघटनाही निघाली. १८६९ साली बीअर्सने जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या मुखपृष्ठावर लाक्रॉस हा कॅनडाचा राष्ट्रीय खेळ म्हणून मिरवत होता. नव्या राष्ट्रास काही तरी स्वतःचे असे पाहिजे होते. क्रिकेट इंग्लंडचे, म्हणून त्याने शेजारच्या वस्तीतून लाक्रॉस घेतला. परंतु त्याच नियमावलीत असे एक कलम होते की, आधी संमती घेतल्यावाचून गोऱ्या संघाकडून एकाही इंडियनाने सामन्यात खेळू नये. धावण्यात आणि दमात इंडियन वरचढ खरे, परंतु शास्त्रशुद्ध खेळ मात्र गोऱ्यांचाच, असे बीअर्सचे मत होते. ज्यांच्यापासून विद्या घेतली, त्यांसच अशास्त्रीय ठरविण्याचा हा प्रकार!

बीअर्सविषयी अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्याने नियम बांधले नसते तर हा खेळ देशोदेशी गेला नसता. चार गावांत चार तऱ्हांनी खेळला जाणारा खेळ परगावच्या माणसाबरोबर खेळावयाचा तर कोठे तरी एकवाक्यता लागते, आणि लेखी नियमांवाचून ती साधत नाही. आपल्याकडे हुतूतू आणि खोखो यांचे नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असेच बांधले गेले. परंतु त्या वेळी लेखणी ज्यांच्या हाती होती, ती माणसे याच मातीतील होती; नियम करणाऱ्यांनी लहानपणी तीच धूळ अंगास लावून घेतलेली होती. मोहॉकांच्या नशिबी ते नव्हते. नियम झाले ही त्यांची तक्रार नाही; नियम करणाऱ्यांच्या बैठकीत त्यांस जागा नव्हती, ही आहे.

१८७६ साली बीअर्सने दोन संघ घेऊन इंग्लंडचा दौरा केला. एक माँट्रियलच्या सद्‍गृहस्थांचा आणि दुसरा कानावाकेच्या मोहॉकांचा. विंडसर येथे खुद्द व्हिक्टोरिया राणीसमोर सामना झाला. मोहॉकांस पिसे व मणी लावून सजविले होते. प्रेक्षकांस जे 'रानटी' पाहावयाचे होते ते त्यांस दाखविले गेले. त्याच वर्षी कॅनडाच्या कायदेमंडळाने इंडियन अ‍ॅक्ट मंजूर केला, आणि या लोकांस कायद्याच्या दृष्टीने सरकारच्या पाल्यांची अवस्था प्राप्त करून दिली. राणीपुढे राष्ट्रीय खेळाचे वीर, आणि घरी सरकारी अंमलदाराच्या ताब्यातील अज्ञान बालके! १८८० साली संघटनेने आपल्या नावात 'हौशी' हा शब्द घातला, आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांस अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून वगळले. मूलनिवासी खेळाडूंस प्रवासखर्चासाठी व पोटासाठी प्रदर्शनी सामन्यांचे पैसे घ्यावे लागत. अर्थातच ते बहुतेक सर्व या नियमाच्या कात्रीत सापडले. हौस ही खाऊनपिऊन सुखी असणाऱ्यांची मिरास आहे हे उघडपणे न सांगता ते अमलात आणण्याची ही युक्ती होती. आणि १८८३ साली पुन्हा इंग्लंडचा दौरा निघाला, तेव्हा कॅनडात येऊन वसाहत करा, जमीन भरपूर आहे, अशा अर्थाची पत्रके सामन्यांच्या ठिकाणी वाटण्यात आली. ज्यांची ती जमीन, त्यांचाच खेळ दाखवून तीवर नवे मालक बोलाविण्यात येत होते. खेळाचा समाजाच्या विकासासाठी उपयोग तो हा. फक्त समाज दुसऱ्याचा.

१९०४ साली सेंट लुई येथील ऑलिंपिक सामन्यांत मोहॉकांचा एक संघ लाक्रॉस खेळला आणि तिसरा आला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मैदानांवर त्यांचे नाव कित्येक वर्षे दिसत नाही. दरम्यान मुलांस घरातून उचलून वसतिशाळांत घालण्याचे सत्र चालू होते. तेथे भाषा बंद, धर्म बंद. खेळ मात्र होते, पण ते क्रिकेट, फुटबॉल आणि हॉकी, आणि हेतू हा की त्यांतून इंडियनपणा झडून जावा. ग्रँड नदीकाठचा ओनोंडागा तरुण टॉम लाँगबोट अशाच एका शाळेतून लहानपणी पळून गेला, आणि १९०७ साली बोस्टनची मॅरॅथॉन शर्यत पूर्वीचा उच्चांक मोडून जिंकून आला. तो रोज जिवाच्या आकांताने धावत नसे. कठीण सरावानंतर काही दिवस लांब फेऱ्या मारी, विसावा घेई. वृत्तपत्रांनी त्यास आळशी ठरविले. सराव आणि विश्रांती यांचा जो मेळ तो स्वतःच्या अनुभवाने घालीत होता, त्याचेच आज प्रशिक्षणशास्त्रात प्रतिपादन होते. पहिल्या महायुद्धात हाच 'आळशी' मनुष्य फ्रान्समध्ये निरोप्या म्हणून धावत होता.

खेळ हातचा गेला तेव्हा राज्यही जात होते. १९२३ साली देस्काहे हा कायुगा सरदार आपल्याच संघाने दिलेला परवाना घेऊन जिनीव्हास राष्ट्रसंघापुढे गाऱ्हाणे मांडण्यास गेला. आयर्लंड, इराण, एस्टोनिया व पनामा या लहान राष्ट्रांनी त्याची बाजू ऐकून घ्यावी असा आग्रह धरला; पण मोठ्यांपुढे त्यांचे काही चालले नाही. १९२४ साली कॅनडा सरकारने ग्रँड नदीकाठची परंपरागत सभा बरखास्त केली, आणि १९२५ साली देस्काहे वारला. त्याची कैफियत कोणत्याही सभागृहाने अधिकृतपणे ऐकली नाही.

तरीही काठी हातून सुटली नाही. १९३१ च्या सुमारास माँट्रियल येथील नाट्यगृहांसारख्या बंदिस्त हॉकी-आखाड्यांच्या मालकांनी उन्हाळ्यात आखाडा रिकामा राहू नये म्हणून आत खेळावयाचा लाक्रॉस काढला. त्यास मोठे मैदान नको, मोठी संस्था नको. मूलनिवासी वस्त्यांनी तो उचलला, फळ्यांची कुंपणे घालून गावोगावी आखाडे केले, आणि बाप मुलास व मुलगा नातवास खेळ शिकवीत राहिला. काठ्या तर त्यांच्याच हातच्या. हिकरीचे लाकूड फाडावयाचे, वाफेवर वाकवावयाचे, महिनोन्महिने वाळत ठेवावयाचे, मग तासून त्यावर चामड्याची व तातीची जाळी विणावयाची. सेंट लॉरेन्समधील कॉर्नवॉल बेटावरच्या मोहॉक कारखान्यातून जगातील बहुतेक काठ्या जात. १९६८ साली तो कारखाना आगीत नष्ट झाला. तो पुन्हा उभा राहत होता तोच, १९७० च्या सुमारास, प्लॅस्टिकच्या टोकाच्या काठ्या बाजारात आल्या, आणि पाहता पाहता लाकडी काठीचा व्यापार बसला. जगात खेळ वाढत गेला आणि त्या वाढीनेच तो ज्यांचा त्यांचा रोजगार गेला! विकासाची गणिते मांडणाऱ्यांनी हे उदाहरण पाठ करून ठेवावे. खेळाडूंची संख्या, मैदानांची संख्या, विकलेल्या काठ्यांची संख्या, सर्व आकडे चढते. आणि त्या आकड्यांच्या तळाशी एका बेटावरची बंद पडलेली कर्मशाळा.

१९८३ साली ओनोंडागांचे धर्मरक्षक ओरेन लायन्स व त्यांचे सहकारी यांनी होदेनोशोनींचा स्वतंत्र राष्ट्रीय संघ उभारला. लायन्स हे स्वतः १९५७ सालच्या सिरॅक्यूज विद्यापीठाच्या अपराजित संघातील गोलरक्षक. त्यांची भूमिका अशी होती की, आमचे खेळाडू कॅनडाच्या किंवा अमेरिकेच्या सदऱ्यात खेळून कितीही नाव मिळवोत, त्याने राष्ट्र उभे राहत नाही. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर आंतरराष्ट्रीय लाक्रॉस महासंघाने त्यांस पूर्ण सदस्यत्व दिले, आणि १९९० साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथे झालेल्या जागतिक स्पर्धेस ते आपल्या स्वतःच्या पारपत्रांवर गेले. देस्काहेच्या परवान्यास तब्बल सदुसष्ट वर्षांनी असा वारस मिळाला. पुढे २०१४ आणि २०१८ या दोन्ही जागतिक स्पर्धांत त्यांचा क्रमांक तिसरा आला. आखाड्यातील लाक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत तर ते वरचेवर दुसरे येत आले आहेत. लक्षावधींच्या राष्ट्रांशी झुंजणारा हा समाज संख्येने आपल्या एखाद्या तालुक्याहून मोठा नाही.

२०१० साली जागतिक स्पर्धा इंग्लंडात मँचेस्टर येथे होती. ब्रिटिश सरकारने त्यांची पारपत्रे मान्य करण्याचे नाकारले. अमेरिकेची किंवा कॅनडाची पारपत्रे घ्या, म्हणजे आजच निघता येईल, असे त्यांस सुचविण्यात आले. तेवीस खेळाडू न्यूयॉर्कमध्ये दिवसामागून दिवस वाट पाहत राहिले. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी एक वेळची सवलत दिली, तरी लंडनने प्रवेशपत्र दिले नाही. आणि संघाने सामने सोडले. या तरुणांपैकी बहुतेकांच्या आयुष्यातील ती एकमेव संधी असेल. पारपत्र ही त्यांच्या दृष्टीने प्रवासाची सोय नव्हती. आपण कोण या प्रश्नाचे उत्तर होते, आणि खेळासाठी ते उत्तर बदलावे असे त्यांस वाटले नाही. खेळाने चारित्र्य घडते असे जे आपण म्हणतो, त्याचे प्रत्यक्ष दर्शन या न खेळलेल्या सामन्यांत घडले.

पाच वर्षांनी पारडे फिरले. २०१५ साली आखाड्यातील जागतिक स्पर्धा ओनोंडागांच्या स्वतःच्या भूमीवर भरली. मूलनिवासी राष्ट्राच्या यजमानपदाखाली त्याच्याच भूमीत भरलेली अशी ही पहिलीच जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा म्हणून ओळखली जाते. परदेशांचे खेळाडू आले तेव्हा त्यांच्या पारपत्रांवर होदेनोशोनींनी आपला शिक्का उठविला. मँचेस्टरचे हे उत्तर. त्यात कडवटपणा नव्हता. पाहुण्यांस घरात घेण्याची रीत होती. अंतिम सामना कॅनडाने जिंकला. परंतु ज्या गावाने तो सामना भरविला त्याने रस्ते, निवास, भोजन, व्यवस्था या सर्व बाबी स्वतः सांभाळल्या, आणि आपल्या मुलांस हे दाखविले की जग आपल्या दारी येऊ शकते. समाजविकास हा शब्द वापरावयाचाच असेल तर तो अशा ठिकाणी वापरावा.

या लोकांच्या घरातही सर्व काही एकमताने चालते असे नाही. लाकडी काठी हे पुरुषांचे औषध, तिला स्त्रियांनी हात लावू नये, असा संकेत आहे; त्यामुळे १९८० च्या दशकात मुली खेळू लागल्या तेव्हा त्यास विरोध झाला, आणि त्यात कुलमाताही होत्या. बाहेरच्या सुधारकास येथे तत्काळ निवाडा देण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात वाद त्या समाजाने आपापसांतच केला, जुने औषध आणि नवा खेळ यांत भेद केला, आणि एकविसाव्या शतकात त्यांच्या स्त्रियांचा संघही जागतिक स्पर्धेत उतरला. औषधाच्या खेळातील मर्यादा अद्याप कायम आहे. ज्यास आपले प्रश्न आपल्या गतीने सोडविता येतात तोच समाज वाढत असतो. घाईने सोडवून दिलेले प्रश्न पुन्हा उद्भवतात.

२०१५ सालीच कॅनडाच्या सत्यशोधन व समेट आयोगाने वसतिशाळांविषयी आपला निर्णय प्रसिद्ध केला. त्याच्या चौऱ्याण्णव शिफारशींपैकी ८७ ते ९१ या पाच खेळाविषयीच्या आहेत. मूलनिवासी खेळाडूंचा इतिहास राष्ट्रास सांगावा, क्रीडाविषयक धोरणांत त्यांचा समावेश असावा, आणि मोठे सामने ज्यांच्या भूमीवर भरतात त्यांच्या रीतीभाती पाळून त्यांस आखणीत सहभागी करावे, असा त्यांचा मथितार्थ आहे. १८८० साली ज्या दारावर नियमाचा फलक लागला होता, तेच दार किलकिले झाल्याची ही खूण होय.

परंतु किलकिले दार आणि उघडे दार यांत अंतर असते. २०२२ साली अमेरिकेत बर्मिंगहॅम येथे जागतिक क्रीडासामने व्हावयाचे होते, आणि त्यांतील लाक्रॉसच्या आठ संघांत होदेनोशोनींस प्रथम घेतलेच नव्हते. त्यांची स्वतंत्र ऑलिंपिक समिती नाही, हे कारण. जगात तिसरा आलेला संघ बाहेर! पुष्कळ ओरड झाल्यावर आयोजकांनी आपला निर्णय फिरविला, पण तोवर आठही जागा भरल्या होत्या. तेव्हा आयर्लंडच्या संघाने आपली जागा आपण होऊन सोडली आणि ती त्यांस दिली. १९२३ साली जिनीव्हात देस्काहेची बाजू घेणाऱ्या चार राष्ट्रांत आयर्लंड होते, हे वाचकांस आठवत असेल. परसत्तेखाली स्वतःचे खेळ जतन केलेल्या लोकांस दुसऱ्याचे दुःख लवकर कळते, असेच म्हणावे लागेल.

आता पुन्हा मुंबईच्या ठरावाकडे येऊ. तो मंजूर झाल्यावर २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बायडेन यांनी होदेनोशोनींस लॉस एंजेलिस येथे त्यांच्या निशाणाखाली खेळू द्यावे, असे जाहीरपणे म्हटले. ऑलिंपिक समितीने नियमावर बोट ठेवले: मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांनाच संघ पाठविता येतो; व्यक्तिशः खेळाडूंनी कॅनडाकडून किंवा अमेरिकेकडून खेळावे. म्हणजे १८६७ सालच्या कलमाने त्यांस गोऱ्यांच्या संघात येण्यास बंदी होती, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी त्यांस सांगण्यात येते की, आता त्याच संघांत या. मधल्या काळात मैदान, चेंडू, काठी, सर्व बदलले. परंतु तुम्ही स्वतःच्या नावाने या, हे शब्द नियमाच्या तोंडून अजून निघावयाचे आहेत.

नियम हवेत, हे आम्ही वर कबूल केलेच आहे. एकदा हे दार उघडले तर मागण्यांस अंत राहणार नाही, ही समितीची भीतीही अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु ज्याने खेळ दिला त्याचे स्थान आणि ज्याने तो घेतला त्याचे स्थान यांत काही भेद करावयाचा की नाही, याचा निर्णय नियमाच्या पुस्तकात सापडत नाही. तो न्यायबुद्धीनेच करावा लागतो.

आणि आपणांसाठी यात बोध काय, असे कोणी विचारील, तर तो जवळचाच आहे. आपल्या डोंगराळ मुलखांत, वाड्यापाड्यांवर, आपणही खेळाच्या द्वारे उन्नती करण्यास निघतो. साहित्य वाटतो, शिबिरे भरवितो, छायाचित्रे काढतो. त्या वस्तीचे स्वतःचे खेळ कोणते, ते केव्हा व कशासाठी खेळले जातात, आणि ते कोणाच्या शब्दावरून सुरू होतात, हे विचारण्याचे मात्र राहून जाते. ब्रेबफने ते विचारले नाही, पण निदान लिहून ठेवले. त्याच्या त्या जुन्या टिपणात सारा मुलूख एका सामान्य दुखणाइतासाठी मैदानात धावतो आहे, आणि तो दुखणाईत कडेला पडून पाहतो आहे. खेळ कोणत्या समाजाच्या हिताचा झाला हे ठरविण्यास पदकांची यादी चाळण्यापेक्षा त्या कडेच्या माणसाकडे पाहणे अधिक बरे.